धुमाळ सरांच्या वाटणीचा चहा

परवा डॉक्टरांनी मला दोन गोळ्या लिहून दिल्या. एक लोहाची, एक कॅल्शियमची. या वयात बायकांना देतात तशाच. चिठ्ठी हातात देताना त्या म्हणाल्या, "या दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत हं. मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नको."

मी म्हटलं, "माहीत आहे. क्लॅश होतो."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय सांगणार? बाहेर पेशंट खोळंबले होते आणि धुमाळ सर हा काही दोन मिनिटांत उरकण्याचा विषय नाही.

सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे. अजूनही शिकवतात. निवृत्त मी झाले आहे, ते नाहीत. कोथरूडमधली मराठी माध्यमाची शाळा, तीन मजले, लिफ्टचं आश्वासन मी नोकरीला लागले तेव्हापासूनचं. मी शनिवार पेठेतून बसनं यायचे, सर धायरीहून स्कूटरवर. लांबून येताना स्कूटर दिसायची नाही, नुसते सरच दिसायचे. एवढा मोठा देह मी शिक्षकाच्या खुर्चीत दुसरा पाहिलेला नाही. पोरं त्यांना 'टेम्पो' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. जिन्यात गर्दी असली की ते स्वतःच म्हणायचे, "चला, बाजूला व्हा, टेम्पो वर चाललाय." मग त्या नावात काही मजा उरली नाही आणि पोरांनी ते आपोआप सोडून दिलं.

सरांची खरी ओळख म्हणजे वेळापत्रक. सगळ्या शाळेचं वेळापत्रक दर जूनमध्ये तेच बसवायचे. हे काम ज्यानं केलेलं नाही त्याला त्यातलं दुःख कळायचं नाही. इतके वर्ग, इतके शिक्षक, एकच प्रयोगशाळा, एकच मैदान, आणि प्रत्येकाला पहिला तास नको असतो आणि शेवटचाही नको असतो. एका शिक्षकाचे दोन वर्ग एका वेळी आले की त्याला 'क्लॅश' म्हणायचं. सरांकडे एक जुना कॅरम बोर्ड होता. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक शिक्षकाच्या रंगाचे पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे. मी जांभळी होते. शाळेनं पुढे कॉम्प्युटरवर वेळापत्रक करणारं काहीतरी आणलं, तेही सर वापरायचे. पण त्यानं काढलेलं वेळापत्रक आधी कॅरमवर मांडून तपासायचे आणि त्यात एक तरी चूक सापडली की दिवसभर खुशीत असायचे.

जूनमध्ये सरांच्या टेबलाशी आम्ही सगळे आपापली रडगाणी घेऊन जायचो. कुणाच्या सासूबाई आजारी, कुणाचं मूल लहान, कुणाची कंबर धरलेली. सर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "अर्ज लेखी द्या." अर्ज दिला की तो वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि शनिवारचा शेवटचा तास तुमच्याच नावावर टाकायचे. मला राग यायचा. मग एकदा लक्षात आलं, की सगळ्यात वाईट तास सरांच्या स्वतःच्या नावावर असायचे. तिसऱ्या मजल्यावरचे वर्ग, मोठ्या सुट्टीनंतरची झोपाळू दहावी, सगळं त्यांच्याकडे. दर मजल्याला थांबून, कठड्याला धरून ते श्वास घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, वेळापत्रक तुमच्याच हातात आहे ना? खालचे वर्ग घ्या की." तर म्हणाले, "हातात आहे म्हणूनच घेता येत नाहीत, बाई."

कुणी रजेवर असला की त्याचा रिकामा पडलेला तास, म्हणजे ऑफ तास, दुसऱ्याच्या मोकळ्या तासात टाकायचा, तेही काम सरांचंच. सकाळी ते यादी करायला बसले की स्टाफरूममधले सगळे अचानक वह्या तपासण्यात गढून जायचे. सर एकेकाच्या तोंडाकडे बघायचे आणि शेवटी तिथे स्वतःचंच नाव लिहायचे. कुणाची कुरकुर ऐकण्यापेक्षा तास घेणं सोपं, असं त्यांचं मत होतं. हा चांगुलपणा त्यांना पुढे फार महागात पडला.

एका दिवाळीच्या सुट्टीनंतर सर शाळेत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं आणि सैल शर्टात. हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणाले. आम्ही विश्वास ठेवला. चार-आठ दिवसांनी स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नाही असं बघून ते माझ्या टेबलाशी आले.

"बाई, एक काम होतं. रोजचं आहे."

"अर्ज लेखी द्या," मी म्हटलं.

सर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "छोट्या सुट्टीतला माझा चहा तुम्ही प्यायचा. कुणाला कळू न देता."

मग त्यांनी सांगितलं. हर्निया वगैरे काही नव्हतं. वजन उतरवण्यासाठी पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्यांचे वडील पन्नाशीत गेले. थोरला भाऊ तर पन्नाशीच्या उंबरठ्यावर गेला, शेतातून घरी येता येता. दोघांचीही अंगकाठी अशीच, दोघांनाही साखर, दोघांचंही हृदय बंद पडलेलं. आता सरांनाही साखर निघाली होती. सर म्हणाले, "थोरला गेला त्या वयाला मी दोन-तीन वर्षांत पोचतो. मुलगी सातवीत आहे. मला ते वय ओलांडायचंय, बाई. बस."

मी चहाला हो म्हटलं.

ऑपरेशन झालं म्हणजे काम संपलं असं नसतं, हे मला सरांमुळे कळलं. पोट एवढंसं झालं की जेवणातून अंगाला लागणारं सत्त्व पुरत नाही. ते गोळ्यांनी भरून काढायचं, आणि तेही जन्मभर. बी-ट्वेल्व्हची गोळी सकाळी जिभेखाली. लोहाची गोळी दहाच्या सुमारास, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियम दिवसातून दोनदा, पण लोहापासून लांब. रात्री जेवणानंतर मल्टीव्हिटॅमिन. 'ड' जीवनसत्त्व आठवड्यातून एकदा. सरांना यात एक वेगळंच समाधान होतं. म्हणाले, "लोह आणि कॅल्शियम म्हणजे आपल्या शास्त्राच्या दोन बाई. एका तासाला प्रयोगशाळेत दोघींना सोडलं की दोघींचंही शिकवणं बुडतं. आणि चहा हा शाळा तपासायला आलेला साहेब. तो आला की लोह काम सोडून उभं राहतं." मी विचारलं, "बसलं का मग वेळापत्रक?" तर म्हणाले, "बसलं. आणि हे दर जूनला बदलायचं नाही, हे किती बरं."

अडचण फक्त चहाची होती. लोहाची गोळी घेऊन होते न होते तोच छोटी सुट्टी व्हायची आणि स्टाफरूममध्ये चहाची किटली यायची. आमच्याकडे चहा नको म्हणणाऱ्याची चौकशी समिती बसते. का नको, कधीपासून नको, डॉक्टर कोण, आमच्या भाच्यालाही तसंच झालं होतं. त्यातून हर्नियाचं बिंग फुटलं असतं. आणि धायरीला भावकीत बातमी गेली असती, की धुमाळांच्या पोरानं खायला नको म्हणून पोट कापून घेतलं. ज्या घरात पंगतीला किती भाकरी खाल्ल्या ते अभिमानानं सांगतात, तिथे ही बातमी पचणारी नव्हती. म्हणून सर चहा घ्यायचे, कप हातात धरून दोन मिनिटं बोलायचे, मग वह्यांचा गठ्ठा ठेवायच्या निमित्तानं माझ्या टेबलावर कप ठेवायचे आणि माझा रिकामा उचलून न्यायचे. मी वर्षभर दोन कप चहा प्यायले. सरांची साखर उतरली आणि मला पित्त झालं.

पण सर बघण्यासारखे झाले होते. जिना एका दमात चढायला लागले. नवे शर्ट शिवले, तेही सैल झाले. मैदानावर मुलांबरोबर चेंडू टाकताना एकदा मी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि मला उगाचच भरून आलं.

आणि मग केस गळायला लागले. पायाला मुंग्या येतात म्हणाले. चेहरा पांढुरका दिसायला लागला. मी विचारलं, "गोळ्या घेताय ना?" तर दुखावल्यासारखे म्हणाले, "एकही बुडालेली नाही." सर खोटं बोलत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

ऑपरेशनला सव्वा वर्ष होत आलं तेव्हा, फेब्रुवारीत एक दिवस नववीच्या वर्गात फळ्यावर समीकरण सोडवता सोडवता सर खाली बसले. मुलांना वाटलं खडू पडला असेल. ते उठेनात तेव्हा एक मुलगी धावत आली. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, नोकरीला हडपसरला, त्यांना यायला वेळ लागणार होता, म्हणून रिक्षातून मीच सरांबरोबर ऑपरेशन झालं होतं त्या दवाखान्यात गेले. संध्याकाळपर्यंत रक्ताचे रिपोर्ट आले. हृदयाला काही नव्हतं, पण लोह आणि बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलं होतं. तोवर वहिनीही पोचल्या होत्या. आहारतज्ज्ञ म्हणून एक तरुण मुलगी होती, तिनं आम्हाला तिघांना समोर बसवलं.

"सर, गोळ्या चुकतात का?"

"नाही."

"रोजच्या रोज घेता?"

"आठवड्याचं आठवड्यात पूर्ण करतो."

"म्हणजे?"

मग सगळं बाहेर आलं. लोहाची गोळी सरांना घाईनं घेता यायची नाही, मळमळायचं. घोट घोट पाणी पीत निवांत बसावं लागायचं. कॅल्शियमची गोळी चघळायची, ती खडूसारखी लागते, आणि ती कुणासमोर चघळायची नव्हती. म्हणून दोन्ही त्यांनी स्वतःच्या मोकळ्या तासांत बसवल्या होत्या. आणि मोकळ्या तासात ऑफ तास आला की ते गोळी ठेवून वर्गावर जायचे. आठवड्यातून दोनदा, तीनदा, परीक्षेच्या दिवसांत रोज. सकाळची बी-ट्वेल्व्हसुद्धा कधी सातच्या ज्यादा वर्गापायी राहायची. राहिलेल्या गोळ्या ते एका डबीत नीट जपून ठेवायचे आणि रविवारी सगळ्या घ्यायचे. लोह, कॅल्शियम, सगळं रविवारी.

"बुडालेले तास रविवारी भरून काढतो," सर म्हणाले. "ज्यादा तास घेतो आपण, तसं."

मला हसू येईना आणि रडूही येईना. पोर्शन मागे राहिला की रविवारी ज्यादा तास घ्यायचा, हे आम्हा शिक्षकांच्या रक्तातच असतं. दुसऱ्या कुणाला ही चूक सुचलीच नसती.

त्या मुलीनं पेन खाली ठेवलं. आवाज न चढवता म्हणाली, "सर, शरीराला पोर्शन कळत नाही. त्याला रोजची हजेरी लागते. रविवारी मूठभर घेतलेलं ते साठवून ठेवत नाही, आणि लोह-कॅल्शियम एकत्र घेतलंत तर अंगाला लागायचं तेही लागत नाही. शिवाय इतकं एकदम घेणं बरंही नव्हे."

"मग बुडालेला तास?"

"तो बुडाला. त्याचं काही करायचं नाही. पुढचा चुकवायचा नाही."

सरांचा चेहरा मला अजून आठवतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकही तास भरून काढल्याशिवाय न सोडलेला माणूस. त्याला कुणीतरी सांगत होतं की गेलेला तास गेला. वहिनी फक्त एवढंच म्हणाल्या, "अहो, शाळेला दुसरे गणिताचे सर मिळतील." सरांनी मान खाली घातली.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांना बघायला धायरीला गेले. आता तिथे सगळीकडे इमारती आहेत, पण सरांच्या घरामागे अजून वाफाभर जमीन आहे. तिथे सरांची आई भाजी लावते. गावात सगळे तिला आक्का म्हणतात, सरसुद्धा. मला बघताच आक्कांनी गाऱ्हाणं मांडलं. "बाई, तुमी शिकल्या-सवरलेल्या. तुमीच सांगा ह्याला. दोन घास खातोय आन् मूठभर गोळ्या. आन् गोळीवर मी घोटभर च्या दिला तर त्यो बी नको म्हनतोय. माझ्या हातचं कायबी चालंना ह्याला."

सर पलंगावर उठून बसले. आईशी बोलताना ते शाळेतलं मराठी सोडून द्यायचे.

"आक्के, वांग्याला खत आन् फवारा एका टायमाला मारती का तू?"

"याडा हायेस का? जळून जाईल की."

"का गं? दोन्ही चांगलंच हाय की."

"चांगलं हाय म्हनून काय झालं? ज्याची त्याची येळ असती."

आणि आक्का बोलता बोलता थांबल्या. पलंगाशेजारच्या गोळ्यांच्या पाकिटांकडे बघत राहिल्या. "मंग असं सांग की," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून घरातल्या गोळ्यांचा ताबा त्यांच्याकडे गेला. टीव्हीवरच्या मालिकांवर त्यांनी सगळं बसवलं. दुपारची मालिका संपली की पांढरी गोळी, संध्याकाळची सुरू व्हायच्या आत दुसरी. सर सांगायचे, की मालिकेत लग्न लागत असलं तरी आक्का गोळीसाठी उठतात.

शाळेतलं मात्र सरांना स्वतःलाच करायचं होतं. हजर झाले त्या दिवशी छोट्या सुट्टीत ते कॅरम बोर्ड घेऊन स्टाफरूमच्या मध्ये उभे राहिले. वर्गात कधी न घसरलेला आवाज त्या दिवशी घसरला. म्हणाले, "मला रोजचे दोन तास हवेत. छोट्या सुट्टीआधीचा एक आणि दुपारचा एक. त्यांत ऑफ तास टाकायचा नाही. कारण..." आणि त्यांनी कारण सांगितलं. हर्निया नाही, पोटाचं ऑपरेशन. गोळ्या. जन्मभर.

इतक्या वर्षांत ज्याचा ज्याचा अर्ज सरांच्या खिशात गेला होता तो प्रत्येकजण तिथे बसला होता. मागून आमचे पी.टी.चे सर म्हणाले, "धुमाळ, अर्ज लेखी द्या."

असं हसू त्या खोलीत मी पुन्हा कधी ऐकलं नाही. सरही हसले, डोळे पुसत हसले. आणि पी.टी.च्या सरांनी स्वतःच कॅरमजवळ जाऊन सरांचे दोन निळे तुकडे उचलले, त्या दोन चौकटींत राखीव म्हणून उलटे घातले, आणि शेजारच्या ऑफ तासाच्या रांगेत सरांच्या जागी आपला हिरवा ठेवला. पुढे मी निवृत्त होईपर्यंत ते दोन तास कुणी मागितले नाहीत. चौकशी समिती मात्र बसली, ती बसणारच होती. आता चहा उघडपणे नको म्हणायची सोय झाली आणि माझा दुसरा कप बंद झाला. खरं सांगते, पहिले काही दिवस मला चुकल्यासारखं वाटलं.

निवृत्त झाल्यावर सरांच्या गावच्या यात्रेचं निमंत्रण आलं. गेले. सर पुढे येऊन भेटले. केस परत भरले होते, चालणं ताठ, चेहऱ्यावर रंग. मांडवात एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मी आक्कांच्या शेजारी बसले. सकाळची वेळ, जेवणाला अवकाश होता, चहा फिरत होता. सरांच्या चुलतभावानं त्यांच्या हातात कप दिला. सर काहीतरी पुटपुटले. शाळेत सांगून झालं होतं, पण गावात अजून हर्नियाच होता.

"आरं घे की, पाव्हण्यासारखं काय करतो?" चुलतभाऊ म्हणाला. "खानं तर सोडलंसच, च्या बी सोडला व्हय?"

आजूबाजूचे हसले. सर कप हातात धरून उभे राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण मधे अख्खा मांडव होता.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. तो आवाज मांडवाच्या पलीकडेही गेला असेल.

"त्याला च्या देऊ नगा! आत्ताच लोखंडाची गोळी झालीया त्याची."

"कसली गोळी, आक्का?"

"पोट ल्हान करून घेतलंय त्यानं. आपरेशन करून. त्याच्या गोळ्या हायेत, रोजच्या."

आक्का उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "ह्याच्या बापाला आन् थोरल्याला मी पोटभर वाढलं. दोघं ताट पुसून खायचे. ह्यो निम्मं ताटात ठेवतोय. पन ताटावर बसलेला दिसतोय मला. थोरल्यापरीस मोठा झालाय आता माझा ल्हानगा."

आणि त्या खाली बसल्या. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता.

चुलतभाऊ कप परत घ्यायला हात पुढे करत होता. सरांनी तो दिला नाही. डोळे भरलेले, कान लाल झालेले, तशाच अवस्थेत ते भावकीच्या मधून वाट काढत निघाले. कुणी बाजूला व्हा म्हणायची गरज पडली नाही, एवढ्याशा जागेतून ते सहज येत होते. बायकांच्या बाजूला येऊन त्यांनी कप माझ्यासमोर धरला.

"घ्या बाई," सर म्हणाले. "तुमचा आहे."

माझा एक कप झाला होता. मी तोही प्यायले.